हाड लांब कसं होतं आणि कुठे अडतं: एका मामाच्या प्रश्नाला उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे. त्यांची भाची अडीच वर्षांची आहे, हातपाय आखूड, कपाळ पुढे आलेलं. बेळगावात एक्स-रे झाले, रक्त तपासणीसाठी बाहेर गेलं, आणि रिपोर्टात एफजीएफआर-३ या जनुकात बदल असून निदान अकॉन्ड्रोप्लेशिया, म्हणजे हाडांची लांबी खुंटून बुटकेपणा आणणारा जनुकीय आजार, असं आलं. बहीण आत्याच्याच घरी दिलेली. घरात कोणी म्हणतं ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, कोणी म्हणतं नात्यात दिली म्हणून. मधल्या मध्ये उंची वाढवायचं टॉनिकही सुरू झालं आहे. सरांचं म्हणणं, "कूर्चापेशींत नेमकं काय बिघडतं ते मुळापासून सांगा, म्हणजे मला घरात समजावता येईल. औषध आहे का? आणि ताईने दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नाही?"

सर, घरात सगळ्यात आधी जे सांगायला हवं तेच आधी लिहितो. तुमच्या ताईच्या हातून काहीही चुकलेलं नाही. ग्रहण, खाणंपिणं, धावपळ, उचलाउचल, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. अकॉन्ड्रोप्लेशियाची साधारण ८० टक्के मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्या पोटी येतात. जनुकातला बदल त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. असे नवे बदल जवळजवळ सगळेच वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडतात, कारण शुक्रपेशी वर्षानुवर्षं तयार होत राहतात आणि दर वेळी जनुकांची नक्कल होताना एखादं अक्षर बदलू शकतं. म्हणून आता दाजींना धारेवर धरू नका, हे कुणाच्याच हातात नसतं. पण आपल्या भागात अशा बाळाचं खापर आईच्याच माथी फुटतं. ओपीडीत सासरची माणसं बोलत असतात आणि आई मान खाली घालून बसलेली असते, हे मी इतकी वर्षं बघतोय. तुम्ही हे तिच्या आत्यासमोर, सगळी घरची माणसं बसलेली असताना, मोठ्याने सांगा.

आता मुळापासून.

हातापायांचं लांब हाड टोकांकडून वाढतं. टोकाजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचीक हाडाचा, एक पातळ थर असतो, त्याला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. एक्स-रेत तिथे काळी रेघ दिसते, आणि ती बघून पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, हाड चिरलंय काय?" पायाची लांबी जी वाढते त्यातला जवळपास दोन तृतीयांश वाटा गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन प्लेटींचा असतो. गुडघ्याजवळचा मार किंवा जंतुसंसर्ग लहान मुलात आम्ही गंभीरपणे घेतो तो यासाठीच.

या थराचा उभा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की सगळी गोष्ट एका नजरेत दिसते. जमलं तर एखाद्या मेडिकल कॉलेजातून अशी स्लाइड मागून आणा आणि दहावीच्या पोरांना दाखवा. वर, हाडाच्या टोकाकडे, थोड्या विखुरलेल्या गोल पेशी दिसतात, राखीव बसलेल्या. त्यांच्या खाली चपट्या पेशी, दुरडीतल्या भाकरींच्या चवडीसारख्या एकावर एक. या पेशी विभागत असतात, त्यामुळे चवड उंच होत जाते. आणखी खाली आलं की विभागणं थांबतं आणि प्रत्येक पेशी फुगायला लागते, आकारमानाने दहापट किंवा त्याहून जास्त. हाडाची लांबी वाढते त्यात या फुगण्याचा वाटा सगळ्यात मोठा. फुगलेली पेशी स्वतःभोवती टाइप-१० कोलॅजन घालते, आसपास कॅल्शियमचे क्षार बसवून घेते, व्हीईजीएफ नावाचा रेणू सोडून रक्तवाहिन्यांना बोलावून घेते. रक्तवाहिन्या आल्या की हाड घालणाऱ्या पेशी त्यांच्या मागोमाग येतात. फुगलेल्या पेशींपैकी बऱ्याच तिथेच मरतात. काही मात्र रूप बदलून स्वतःच हाड घालू लागतात, हे गेल्या काही वर्षांत नीट सिद्ध झालं आहे.

कूर्चापेशी पक्व होते म्हणतात ते हेच: विभागणं सोडून फुगण्याच्या मार्गाला लागणं. तो क्षण कधी येतो यावर सगळं अवलंबून असतं. लवकर आला तर चवड तोकडी राहते. उशिरा आला तर चवड नुसतीच उभी राहते, तिचं हाड होत नाही. दोन्हीकडे मूल बुटकंच राहतं. हा मुद्दा समजायला जरा वेळ लागतो, पण तो समजल्याशिवाय "वाढ वाढवणारं औषध" असं ढोबळ काही का नसतं ते कळत नाही.

हा क्षण ठरवायला पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातली मुख्य जोडी १९९६ साली उलगडली. हाडाच्या अगदी टोकाकडच्या पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतात. ते झिरपत चवडीपर्यंत येतं आणि तिथल्या पेशींना सांगतं की अजून विभागत राहा, फुगू नका. जसजशी पेशी टोकापासून लांब जाते तसतसा हा निरोप क्षीण होतो. एका अंतरानंतर तो पोचतच नाही, आणि पेशी विभागणं थांबवते. थांबता थांबता ती स्वतः दुसरा रेणू सोडते, त्याचं नाव इंडियन हेजहॉग. हेजहॉग कुळातलं पहिलं जनुक १९८० साली फळमाशीत सापडलं, आणि त्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालं. माशीच्या अळीत शरीराची आखणी करणारं तेच कुळ आपल्या मांडीच्या हाडातही काम करतं, याचं मला आजही नवल वाटतं. तर हा हेजहॉग उलटा टोकाकडे जातो आणि सांगतो, आम्ही इथे पिकायला लागलोय, तुम्ही पीटीएचआरपी वाढवा. ते वाढलं की मागच्या पेशी आणखी थोडा वेळ विभागत राहतात. पिकणाऱ्या पेशी कमी झाल्या की हेजहॉग घटतो, मग पीटीएचआरपी घटतं, मग पुन्हा काही पेशी पिकतात. असा मेळ जन्माआधीपासून वयात येईपर्यंत सांभाळला जातो.

हे नुसतं कागदावरचं नाही. पीटीएचआरपीचं जनुक काढून टाकलेले उंदीर १९९४ साली तयार केले गेले. त्यांच्या कूर्चापेशी घाईने पिकल्या, हातपाय आखूड झाले, बरगड्यांच्या कूर्चेचंसुद्धा हाड झालं आणि पिल्लं जन्मताच गेली. उलट माणसात यान्सेन प्रकारचा एक अत्यंत विरळ आजार आहे. त्यात पीटीएचआरपी ओळखणारा ग्राही (पेशीवरचा निरोप घेणारा रेणू) निरोप नसतानाही चालूच राहतो, पेशी पिकायलाच तयार होत नाहीत, आणि ही मुलंही बुटकीच राहतात. दोन्हीकडून तोटा, तो असा.

पेशीच्या आतलं फार लांबवत नाही. सॉक्स-९ हे प्रथिन पेशीला कूर्चापेशी म्हणून टिकवतं, रनएक्स-२ तिला फुगण्याकडे ढकलतं. बाहेरचे बहुतेक निरोप शेवटी या दोघांपैकी कुणाची तरी बाजू घेतात.

आता तुमच्या भाचीचा एफजीएफआर-३. हा चवडीतल्या पेशींच्या पृष्ठभागावरचा ग्राही. एफजीएफ कुळातले रेणू, विशेषतः एफजीएफ-१८, येऊन बसले की तो आत संदेश देतो: पुरे, आता विभागणं आवरा. हा आवर शरीराला हवाच असतो. ज्या उंदरांत हा ग्राही नाही त्यांची हाडं गरजेपेक्षा जास्त लांब होतात. सफोक जातीच्या मेंढ्यांत हा ग्राही निकामी झाला की कोळ्यासारखे लांबलचक पाय घेऊन कोकरं जन्माला येतात. अकॉन्ड्रोप्लेशियात याच्या उलट होतं. ग्राहीच्या साखळीत ३८० व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. १९९४ साली हे सापडलं, आणि जगभरातल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत हाच एक बदल असतो. रिपोर्टात ३८० हा आकडा शोधा, बहुधा सापडेल. या बदलामुळे ग्राही एकदा चालू झाला की लवकर बंदच होत नाही. विभागणं कमी होतं, फुगणंही नीट होत नाही, आणि हेजहॉगचा निरोपसुद्धा दबतो. चवड तोकडी, थर पातळ.

भाचीकडे बघून हे तुम्हाला ताडून घेता येईल. दंड आणि मांडी ही कोपराखालच्या व गुडघ्याखालच्या भागापेक्षा जास्त आखूड दिसतील. बोटं पसरायला सांगितली की मधलं बोट आणि अनामिका यांच्यात फट राहते. कोपर पूर्ण सरळ होत नाही. कपाळाचं कारण तर फार बोलकं आहे: कवटीचा वरचा घुमट कूर्चेतून बनत नाही, थेट पडद्यातून बनतो, म्हणून तो नेहमीसारखा वाढतो. कवटीचा तळ मात्र कूर्चेतून बनतो, म्हणून तो आखूड राहतो. त्यामुळे कपाळ पुढे आणि नाकाचा वरचा भाग बसका दिसतो. मेंदूचा याच्याशी काही संबंध नाही. तिची बुद्धी वर्गातल्या इतर पोरांसारखीच असेल, आणि शिक्षक म्हणून तिला शाळेत मागच्या बाकावर कुणी बसवणार नाही याची काळजी तुम्ही घ्याल याची मला खात्री आहे.

औषधाचं. शरीरात सीएनपी नावाचा एक छोटा रेणू आहे. तो एनपीआर-बी या ग्राहीवर बसतो आणि एफजीएफआर-३ च्या आतल्या संदेशसाखळीतली एक कडी, राफ नावाची, अडवतो. म्हणजे आवर घालणाऱ्यालाच आवर. नैसर्गिक सीएनपी रक्तात काही मिनिटांत तुटतं. इतक्या लवकर न तुटणारी त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे व्होसोरिटाइड. २०२१ साली युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोज त्वचेखाली टोचायचं, ग्रोथ प्लेटी मिटेपर्यंत. मुख्य चाचणीत, नुसतं पाणी टोचलेल्या मुलांच्या तुलनेत, वर्षाला सरासरी १.५७ सेंटीमीटर जास्त वाढ मिळाली. आकडा लहान वाटेल, पण वर्षानुवर्षं साठत गेला तर त्याला अर्थ आहे. किंमत मात्र आपल्यासारख्या घरांच्या आवाक्यातली नाही. औषध मिळालं नाही म्हणून ताईने मन खाऊ नये. कर्ज काढून, जमीन गहाण टाकून मागे लागण्याचं हे औषध नाही, असं मी माझ्या प्रत्येक पालकाला सांगतो. एखाद्या मोठ्या संस्थेच्या जनुकविभागात नाव नोंदवून ठेवा, म्हणजे मदतीची योजना किंवा नव्या औषधाची चाचणी आली तर कळेल. ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांचा या आजारात टिकाऊ उपयोग होत नाही, तो सल्ला कुणी दिला तर दुसरं मत घ्या.

नात्यातल्या लग्नाबद्दल. अकॉन्ड्रोप्लेशियात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते आणि ती बहुधा नव्याने, म्हणून नात्यात दिल्याने हे झालेलं नाही. हे ठाम सांगा. पण याचा अर्थ नात्यातलं लग्न निर्धोक असा कुणी काढू नये. आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं, कन्नड घरांत मामा-भाचीचंही होतं. अशा घरांत दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसणारे आजार जास्त आढळतात. त्यातला एक तर याच विषयातला आहे: वर सांगितलेला एनपीआर-बी दोन्ही प्रतींत निकामी असला की मूल खूप बुटकं होतं. तिथे मात्र कोपराखालचा आणि गुडघ्याखालचा भाग जास्त आखूड असतो. एक्स-रेशिवाय नुसतं हात बघूनही फरक लक्षात येतो. म्हणून "बुटकं आहे" एवढ्यावर थांबू नये. कुठल्या निरोपात बिघाड आहे ते शोधल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नाही.

टॉनिक आजच बंद करा. त्यात कॅल्शियम, थोडी जीवनसत्त्वं आणि साखर असते, ते एफजीएफआर-३ पर्यंत पोचत नाही. भूक वाढवायच्या नावाखाली स्टेरॉइडच्या गोळ्याही पुडीत बांधून दिल्या जातात. त्या घातक आहेत, कारण स्टेरॉइड कूर्चापेशींचं विभागणंच मंदावतं. मूल गुबगुबीत दिसायला लागतं, घरचे खूश होतात, आणि उंचीची रेघ मात्र आडवी पडते.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जिथे खरोखर लागतं तो आजार वेगळा, मुडदूस. त्यात फॉस्फेट कमी पडतं, आणि फुगलेल्या पेशीला मरून जागा सोडण्याचा निरोप फॉस्फेटच देत असतं. निरोप नाही म्हणून पेशी जागा सोडत नाहीत, थर जाड होत जातो, मनगटाच्या एक्स-रेत हाडाचं टोक पेल्यासारखं खोलगट आणि कडा विरलेल्या दिसतात. उपचार सुरू केल्यावर काही आठवड्यांत तिथे पांढरी रेघ उमटते. ती बघून होणारा आनंद या कामातल्या मोठ्या आनंदांपैकी आहे. पण ड जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन देऊनही ती रेघ आली नाही तर पुन्हा पुन्हा टोचत बसू नये. आनुवंशिक मुडदुसाच्या नेहमीच्या प्रकारात एफजीएफ-२३ हा रेणू लघवीवाटे फॉस्फेट बाहेर काढत असतो. तिथे इंजेक्शनांनी फायदा होत नाही, मूत्रपिंडाला इजा होते. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून पाय वाकलेली मुलं येतात, आणि बरोबरच्या पिशवीत अशा रिकाम्या कुप्यांचा ढीग निघतो. दर वेळी वाईट वाटतं.

थायरॉइड कमी असलं तरी कूर्चापेशी पिकायला उशीर करतात. ती तपासणी स्वस्त आहे आणि उपचार सोपा, म्हणून कुठल्याही बुटक्या मुलात ती आधी करावी. भाचीचीही एकदा करून घ्या, अकॉन्ड्रोप्लेशिया आहे म्हणून दुसरं काही असूच शकत नाही असं नाही.

वाढ थांबते कशी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण हायस्कूलच्या शिक्षकाला उपयोगी पडेल. मुलगी असो वा मुलगा, ग्रोथ प्लेट मिटवतं ते इस्ट्रोजेन. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली: इस्ट्रोजेनचा ग्राही निकामी, उंची २०४ सेंटीमीटर, प्लेटी उघड्या आणि वाढ चालूच. पुरुषात इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं. आपल्याकडे तालमींची परंपरा मोठी आहे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला अंग भरावं म्हणून कोणी हार्मोनची सुई सुचवलीच, तर अंग भरेल आणि उंची तिथेच कायमची थांबेल. असं कानावर आलं तर तुमच्या विद्यार्थ्यांना वेळेत अडवा.

भाचीसाठी आता करायचं ते असं. रात्री ती घोरते का, श्वास मध्येच थांबतो का, मान मागे टाकून झोपते का, झोपेत घाम फुटतो का, हे ताईने नीट बघावं, शक्य तर मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. कवटीच्या तळाचं भोक, ज्यातून मज्जारज्जू खाली उतरतो, या मुलांत अरुंद असतं. तिथे दाब आला तर झोपेतच धोका होतो. यातलं काही दिसलं, किंवा पायातली ताकद कमी वाटली, तर एमआरआय आणि झोपेची तपासणी लांबवू नये. कान वारंवार फुटत असतील तर ऐकण्याची चाचणी करावी, नाहीतर बोलणं उशिरा येतं आणि लोक तिला मंद समजतात. वॉकरमध्ये घालू नये. पाठीला पोक दिसत असेल तर बसताना टेकू द्यावा.

अंगणवाडीतल्या तक्त्यावर ती कुपोषित म्हणून लाल रेघेखाली येईल. अंगणवाडीच्या ताईंना निदानाचा कागद दाखवा, कारण जादा खाऊ घालून वजन वाढलं तर तिच्या गुडघ्यांवर आणि मणक्यावरच भार येतो. अकॉन्ड्रोप्लेशियाचे वेगळे वाढतक्ते आहेत, तिची उंची त्यावरच मोजायची. अशा स्त्रियांची प्रौढ उंची सरासरी १२४ सेंटीमीटरच्या आसपास भरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणाचा समावेश आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. त्यात कमीपणा मानू नका.

दुसऱ्या मुलाचं. ताई आणि दाजी दोघंही सर्वसाधारण उंचीचे असतील तर पुन्हा असं होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी आहे. शून्य नाही, कारण क्वचित एखाद्याच्या बीजपेशींच्या एका गटातच हा बदल दडलेला असतो. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत का कळलं नाही म्हणून रेडिओलॉजिस्टला दोष देऊ नका, मांडीचं हाड मागे पडतंय हे बहुधा सहाव्या महिन्यानंतरच लक्षात येतं. पुढच्या वेळी शंका ठेवायची नसेल तर गर्भजलातून नेमका हाच बदल तपासता येतो. त्यासाठी भाचीच्या रिपोर्टाची मूळ प्रत लागेल. ती लॅमिनेट न करता जपून ठेवा आणि गर्भ राहण्याआधीच जनुकसल्लागाराला दाखवा.